मोटारसायकलला प्रोजेक्टर लाइट बसवण्याआधी



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, गाडीच्या लाइटचं आम्हा बायकांना काय करायचं? ते पोरं आणि मेकॅनिक पाहून घेतील. पण आमच्या लकडगंजातल्या बचत गटांच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची एक मागणी वारंवार येऊ लागली आहे. "ताई, पोराले गाडीले प्रोजेक्टर लाइट लावाचा हाय. चार हजार पाह्यजेत." कर्ज आईच्या नावावर, सही आईची, हप्ताही आईच भरणार. पण प्रोजेक्टर लाइट म्हणजे काय, हे त्या आईला माहीत नसतं आणि गटातल्या इतर जणींनाही नसतं. शेळी घ्यायची असली तर आपण दात पाहतो, कास पाहतो. शिलाई मशीन घ्यायचं असलं तर चार दुकानं फिरतो. मग चार हजारांच्या लाइटसाठी डोळे मिटून सही का करायची? म्हणून आम्ही गटातल्या काही जणींनी गॅरेजवाल्या भाऊंकडे बसून हे काम समजून घेतलं, नियमही पाहिले. ते आज तुम्हाला सांगतो.

विषय फक्त कर्जाचा नाही. लकडगंज म्हणजे नागपूरचा लाकूडबाजार. पलीकडे इतवारी, गांधीबाग, पुढे कळमना. इथे कामाला येणारे कितीतरी जण रात्री भंडारा रोडने, उमरेड रोडने आपल्या गावी परततात. रस्त्यात उभी असलेली बिनलाइटची ट्रॉली, अचानक आडवी येणारी रोही किंवा रानडुक्कर, पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला खड्डा, हे वेळेवर दिसलं पाहिजे. म्हणून चांगला उजेड हवा, ही पोरांची मागणी खोटी नाही. पण त्याच रस्त्याच्या कडेने पहाटे आपण चालतो. आठवडी बाजारातून मागच्या सीटवर बसून आपण येतो. आता तर कितीतरी जणी स्वतः स्कूटी चालवतात. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांत घुसला की दोन-चार सेकंद काहीच दिसत नाही, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. म्हणजे हा लाइट आपल्याशी दोन्ही बाजूंनी जोडलेला आहे. एक, आपल्या घरच्या गाडीवरचा. दुसरा, आपल्या डोळ्यांवर पडणारा.

तीन वेगळ्या गोष्टी, नाव एकच

बोलताना सगळे "एलईडी लावला" एवढंच म्हणतात. पण त्यात तीन वेगळी कामं असतात. पहिलं काम म्हणजे जुना बल्ब काढून त्याच जागी एलईडी बल्ब घालणं. हे सगळ्यात स्वस्त. दुसरं म्हणजे हँडलवर किंवा लेगगार्डवर जास्तीचे लाइट लावणं. तिसरं म्हणजे हेडलाइट उघडून आत प्रोजेक्टर बसवणं. हे सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त कारागिरीचं. पैसे मागायला आलेल्या पोराला पहिला प्रश्न हाच विचारायचा, "बाबा, यातलं नेमकं कोणतं काम?"

एलईडी आपल्या घरात आहेच. पूर्वीच्या पिवळ्या बल्बात तार तापायची आणि तापून उजेड द्यायची. खर्च होणाऱ्या विजेतली बहुतेक वीज उष्णतेतच जायची. गाडीचा हॅलोजन बल्बही तारेचाच, फक्त काच मजबूत आणि आत वेगळा वायू. एलईडीत तार नसते, एक लहानशी चिप असते. पांढरा उजेड देणाऱ्या एलईडीत बहुतेक वेळा चिप निळा उजेड देते आणि तिच्यावरचा पिवळा थर त्यातून पांढरा उजेड तयार करतो. ही निळी चिप जमायला फार वर्षं लागली. ती जमवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्यामुळेच कमी विजेत जास्त उजेड देणारे दिवे आपल्या घरात आणि गाडीतही आले.

उजेड असून आंधळं करणारा बल्ब

आता नीट ऐका, कारण सगळी गोम इथे आहे. हेडलाइटच्या आत चकचकीत वाटी असते. तिला रिफ्लेक्टर म्हणतात. आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी पन्हाळी असते. तिच्यामुळे उजेड फक्त वाटीच्या वरच्या भागावर पडतो आणि तिथून परतून खाली रस्त्यावर येतो. समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारा उजेड ती पन्हाळी अडवते. तार कुठे असावी, पन्हाळी केवढी असावी, वाटीची वळणं कशी असावीत, हे सगळं कंपनीने एकमेकांशी जुळवलेलं असतं.

त्या जागी बाजारातला कोणताही एलईडी बल्ब घातला की हे जुळलेलं गणित मोडू शकतं. चिपची जागा थोडी इकडेतिकडे होते, तिचा आकारही तारेसारखा नसतो. मग उजेड वाटीत वाटेल तसा आपटतो आणि चारी बाजूंना फाकतो. चालवणाऱ्याला वाटतं, काय लख्ख पडलाय! कारण चाकापुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो. पण जवळ जास्त उजेड झाला की डोळ्याची बाहुली लहान होते आणि लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. रोही तर लांबूनच येते. आणि समोरून येणाऱ्याच्या, पायी चालणाऱ्या बाईच्या डोळ्यांत तोच फाकलेला उजेड घुसतो. म्हणजे पैसेही गेले, आपल्यालाही लांबचं दिसेना आणि दुसऱ्यालाही दिसेना.

प्रोजेक्टर काय करतो

प्रोजेक्टर यासाठीच निघाला. त्यात उजेड आधी एका खोल वाटीत गोळा होतो. वाटीच्या तोंडाशी धातूची पातळ पट्टी आडवी उभी असते, तिला शटर म्हणतात. पट्टीच्या पुढे जाड, फुगीर भिंग असतं. पट्टी उजेडाचा खालचा भाग अडवते, पण भिंग चित्र उलटं करतं. म्हणून रस्त्यावर अंधार वरच्या बाजूला येतो आणि उजेड खाली. जत्रेतल्या तंबूत सिनेमा दाखवणारे मशीनमध्ये फिल्म उलटी लावायचे, म्हणजे पडद्यावर चित्र सुलटं दिसायचं. तेच तंत्र, आणि नावही तेच.

याचा फायदा म्हणजे भिंतीवर उजेड पाडला की एक सरळ रेघ दिसते. रेघेखाली लख्ख, रेघेवर अंधार. रेघ योग्य उंचीवर ठेवली तर समोरच्याचे डोळे अंधारात राहतात आणि आपला रस्ता उजेडात. अप्पर दाबला की अनेक प्रोजेक्टरांत एक लहान चुंबक ती पट्टी खाली ओढतो, बारीक "टक्" असा आवाज येतो आणि लांबवर उजेड जातो.

कंपन्याही अशा गाड्या काढतात. पुण्याच्या बजाज कंपनीने २०१५ मध्ये आणलेल्या पल्सर आरएस २०० ला प्रोजेक्टर दिवेच होते. पण ती गाडी तयार करतानाच दिवा, वायर, बॅटरी यांचा एकत्र विचार झालेला असतो. जुन्या गाडीत नवा प्रोजेक्टर बसवणं म्हणजे मातीच्या घराला वरून स्लॅब टाकण्यासारखं आहे. खालच्या भिंती पेलतील का, हे आधी पाहावं लागतं.

गॅरेजमध्ये नेमकं काय काम होतं

हेडलाइट गाडीवरून उतरवतात. पुढची काच, म्हणजे आजकाल प्लास्टिकच, गरम करून तिची चिकट पट्टी मऊ करतात आणि काच वेगळी करतात. मग रिफ्लेक्टर कापून किंवा भोक मोठं करून प्रोजेक्टर बसवतात. तो सरळ बसला का हे पाहून घट्ट करतात. काच पुन्हा चिकटवतात. शेवटी वायरिंग.

यात चार जागा अशा आहेत, जिथे काम बिघडतं.

पहिली, कापलेला रिफ्लेक्टर. एकदा कापला की तो पुन्हा जोडता येत नाही. म्हणून समजदार कारागीर गाडीचा मूळ हेडलाइट जपून ठेवायला सांगतो आणि दुसऱ्या हेडलाइटवर काम करतो. मूळ हेडलाइट घरी असला तर केव्हाही पुन्हा बसवता येतो.

दुसरी, पाणी. काच नीट चिकटली नाही तर पहिल्याच पावसात आत वाफ धरते. भिंगावर थेंब जमले की रेघ फाटते आणि उजेड पुन्हा फाकतो. काम झाल्यावर दिव्यावर पाच मिनिटं पाणी मारून, दुसऱ्या दिवशी आत ओल दिसते का ते पाहायचं.

तिसरी, उष्णता. एलईडी पुढे फार गरम नसतो म्हणून तो तापत नाही असं वाटतं. पण त्याची पाठ तापते. ती उष्णता बाहेर पडायला मागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा लहान पंखा असतो. आपल्या नागपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यात बंद डबा आणि रस्त्याची धूळ. पंखा अडकला की उजेड कमी होत जातो आणि एक दिवस दिवा बंद पडतो. बिल आणि वॉरंटीचा कागद नसेल तर तो बदलून कोण देणार?

चौथी, वीज. ही सगळ्यात महत्त्वाची.

वीज कुठून येते

३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर वीज घेतो. गाडीची वायर आणि बटण तेवढ्याच हिशेबाने दिलेलं असतं. बाजारात मिळणारे काही प्रोजेक्टर याहून जास्त वीज घेतात. जुन्याच वायरवर जास्त भार टाकला तर वायर तापते, बटण जळतं.

यावर रिले लावतात. रिले म्हणजे आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर समजा. आपण लहान बटण दाबतो, पण मोटारीची मोठी वीज त्या बटणातून जात नाही, स्टार्टरमधून जाते. रिलेही तेच करतो. बॅटरीपासून वेगळी जाड वायर येते, तिच्यात बॅटरीजवळच फ्यूज असतो आणि जुनं बटण फक्त इशारा देतं. फ्यूज नसलेलं वायरिंग कितीही स्वस्त असलं तरी घ्यायचं नाही. वायर घासून तिचा स्पर्श गाडीच्या लोखंडाला झाला तर फ्यूज उडेल आणि गाडी वाचेल. फ्यूज नसेल तर आग लागायची भीती.

दुसरं असं की लहान गाड्यांची बॅटरीही लहान असते, साधारण ३ ते ५ अँपिअर-तासांची. इंजिन जेवढी वीज तयार करतं, त्याहून दिव्यांचा खर्च जास्त झाला तर बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होते. मग सेल्फ लागत नाही, हॉर्न घोगरा होतो. काही जुन्या गाड्यांत तर हेडलाइटची वीज बॅटरीतून येतच नाही, थेट मॅग्नेट कॉइलमधून येते. ओळखायची खूण सोपी आहे. गाडी उभी करून इंजिन मंद केलं की लाइट मंद होतो, ॲक्सिलरेटर दिला की वाढतो. अशा गाडीत आधी वायरिंग बदलावं लागतं. मेकॅनिक त्याला "डीसी करणं" म्हणतात. तो खर्च वेगळा, आणि दुकानदार सांगतो त्या पहिल्या आकड्यात तो धरलेला नसतो.

भिंतीवरची परीक्षा आपण स्वतः घेऊ शकतो

लाइट कोणताही असो, जुना असो की नवा, ही परीक्षा घरीच घ्या. लागतं फक्त खडू, मोजपट्टी आणि एक भिंत. शाळेची किंवा समाजमंदिराची चालेल, जमीन मात्र सपाट हवी.

चाकांत हवा बरोबर भरून गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा. रोज जो चालवतो तोच माणूस गाडीवर बसू द्या. हेडलाइटच्या मधोमध जमिनीपासून किती उंची आहे ते मोजा आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. आता डिपर लावा. उजेडाची वरची कड खडूच्या रेघेच्या साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटं, खाली दिसली पाहिजे. रेघेच्या वर गेली तर तो उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जाणार. फार खाली असेल तर आपल्यालाच लांबचं दिसणार नाही. बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या खाली किंवा बाजूला स्क्रू असतो, तो फिरवून हे जुळवता येतं.

मग मागच्या सीटवर एकीने बसायचं आणि पुन्हा पाहायचं. मागे वजन आलं की गाडीची शेपटी दबते आणि नाक वर होतं, उजेडाची कड वर चढते. मागे माणूस किंवा धान्याचं पोतं नेहमी असेल तर त्या वजनानेच लाइट जुळवा.

प्रोजेक्टर असेल तर आणखी एक खूण पाहा. काही प्रोजेक्टरांची रेघ सरळ असते, काहींची एका बाजूला वर चढते. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून चढण डावीकडे, कडेच्या बाजूला असली पाहिजे. चढण उजवीकडे असेल तर तो दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेला आहे. तो आपल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्याच डोळ्यांत उजेड टाकणार. दिवा कितीही भारी असला तरी असला माल परत करायचा.

शेवटची परीक्षा डोळ्यांची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला तो दिवा दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे उभ्या राहिलेल्या आपल्यासारख्या बाईच्या डोळ्यांची जवळपासची उंची. आठ मीटर म्हणजे नऊवारी लुगडं जमिनीवर सरळ पसरलं तर जेवढं होईल तेवढं. म्हणजे हा नियम तपासायला यंत्र नको. नऊवारभर अंतरावर गाडीच्या थोडं उजवीकडे उभं राहायचं आणि डिपरकडे पाहायचं. डोळे दिपले तर लाइट चूक आहे.

कायदा काय म्हणतो

दुकानात हमखास ऐकू येतं, "काही होत नाही, सगळेच लावतात." पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने गाडी जशी मंजूर करून घेतली, त्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला, त्यात बाहेरचे भाग बसवणंही धरलं आहे, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे "मालक" हा शब्द लक्षात ठेवा. कितीतरी घरांत गाडी चालवतो पोरगा, पण आरसी बुक आईच्या नावावर असतं.

म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारायचं. एमएच ४० नंबरची गाडी नागपूर ग्रामीणच्या कार्यालयात, एमएच ४९ ची पूर्व नागपूरच्या. अर्ज साध्या कागदावर लिहून पोच घ्यायची. दुकानदार "आरटीओला चालतं" म्हणत असेल तर त्याला बिलावर लिहून द्यायला सांगा. तो किती तयार होतो, त्यावरून खरंखोटं कळेल. शिवाय वायर कापून केलेल्या कामानंतर कंपनी गाडीची वॉरंटी नाकारू शकते आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी या बदलावर बोट ठेवलं जाऊ शकतं.

जाता जाता एक शंका दूर करू. दिवसा गाडीचा लाइट चालू का, असं अनेक जणी विचारतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू होताच लाइट लागेल अशी सोय बंधनकारक झाली, म्हणजे समोरच्याला गाडी लांबून दिसावी. तो बिघाड नाही, बंद करायला बटण बसवून घेऊ नका.

आधी हे करून पाहा

आम्हाला पटलेली गोष्ट अशी की अंधुक लाइटची बहुतेक दुखणी चार हजारांची नसतातच. हेडलाइटची काच बाहेरून पिवळी, धुरकट झालेली असते. ती पॉलिश करून साफ होते, फारच गेली असेल तर नवी मिळते. रिफ्लेक्टरची चकाकी उडालेली असेल तर कंपनीचाच नवा हेडलाइट घेणं प्रोजेक्टरपेक्षा सरळ पडतं, आणि कायद्याचीही भानगड नाही. बल्ब जुना होऊन काळवंडलेला असतो. त्याच वॅटचा, चांगल्या कंपनीचा नवा हॅलोजन बल्ब घ्या. बसवताना काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की काच त्या जागी जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. वायरचे जोड गंजलेले असले तर बल्बपर्यंत पुरती वीजच पोचत नाही. ते साफ करून घ्या. बॅटरी तपासून घ्या. आणि मघाशी सांगितलेली भिंतीवरची परीक्षा घ्या. नुसता स्क्रू जुळवल्याने कितीतरी गाड्यांचा रस्ता पुन्हा दिसू लागतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

एवढं करूनही भागत नसेल आणि रोजचा रात्रीचा प्रवास असेल, तर पुढची गाडी घेताना कंपनीकडूनच एलईडी हेडलाइट आलेली गाडी पाहावी. आधीच प्रोजेक्टर बसवलेला असेल तर आजच भिंतीसमोर गाडी उभी करा. रेघ वर असेल तर खाली घ्या. रेघच नसेल, उजेड फाकलेला असेल, तर मूळ हेडलाइट परत लावा.

आणखी एक. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. डोळ्याने पाहून हाताने ब्रेक दाबेपर्यंतच एखादा सेकंद निघून जातो, गाडी थांबायला पुढे आणखी अंतर लागतं. उजेड वाढला की हात आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. लाइट दुप्पट झाला आणि वेगही वाढला, तर हाती काय लागलं? अंधारात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल, एवढाच वेग ठेवायचा. हे पोरांना आईनेच सांगायचं.

आणि आपण स्वतः दिसलं पाहिजे, हेही आपल्या हातात आहे. बैलगाडीला, सायकलला, ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी लावा. ती मीटरवर मिळते आणि बारीकशा उजेडातही लांबून चमकते. पहाटे फिरायला किंवा कामाला जाताना गडद लुगडं असेल तर हातातल्या पिशवीला पट्टी शिवून टाका. शिलाई मशीन असलेल्या गटाला यात कामही मिळेल.

कर्ज मागायला आल्यावर गटाने काय विचारावं

समजा ४,००० रुपयांचं कर्ज, महिन्याला शेकडा २ रुपये व्याज आणि दहा महिन्यांची फेड. पहिल्या महिन्यात ४०० मुद्दल आणि ८० व्याज, म्हणजे ४८० रुपये. शिल्लक रकमेवर व्याज धरलं तर दहा महिन्यांत व्याज होतं ४४० रुपये. एवढ्या पैशात आधी काय यायला हवं ते पाहा. गुळगुळीत झालेला टायर बदलला का? ब्रेक लागतात का? डोक्यावर आयएसआय खुणेचं हेल्मेट आहे का? १ जून २०२१ पासून दुचाकीचं आयएसआय खूण नसलेलं हेल्मेट विकायलाही मनाई आहे. हे सगळं असेल तर मग लाइटकडे वळायचं.

गटाने पाच प्रश्न विचारावेत. बल्ब बदलणार, जास्तीचा लाइट लावणार की प्रोजेक्टर बसवणार? आरटीओत विचारलं का, कागद कुठे आहे? मूळ हेडलाइट शाबूत राहणार का? फ्यूज आणि रिले धरून, वायरिंगसकट पूर्ण खर्च किती, आणि त्याचं पक्कं बिल मिळणार का? काम झाल्यावर दुकानदार भिंतीवर रेघ दाखवून देणार का? या पाचांची उत्तरं ठराव पुस्तिकेत लिहून घ्या. उत्तरं आली नाहीत तर "पुढच्या बैठकीत पाहू" म्हणायचं. यात कुणाचा अपमान नाही. पैसा सगळ्यांचा आहे, आणि रस्ताही.

येत्या बैठकीनंतर संध्याकाळी एवढं करा. गटातल्या घरच्या सगळ्या गाड्या एका भिंतीसमोर आणा, खडू घ्या आणि एकेक लाइट पाहा. पोरांना, घरच्या माणसांनाही बोलवा. स्क्रू फिरवायला ते, आणि नऊवारभर अंतरावर उभं राहून "दिपतंय" की "बरोबर आहे" हे सांगायला आपण. आपल्या गावच्या रस्त्यावर समोरून येणारी बाई ही आपल्यापैकीच कुणीतरी असते. तिच्या डोळ्यांपुरता अंधार आणि आपल्या रस्त्यापुरता उजेड राखला, तर दोघीही सुखरूप घरी पोचतील.